व्हीलचेअर, दिवाळीची पोस्त आणि हातावरचे पाच डॉलर



एप्रिल-मे जवळ आला की आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या घरांतून आई-बाबांच्या अमेरिकेच्या वाऱ्या सुरू होतात. मेतकूट, लोणचं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं बॅगेत बसतं आणि शेवटी एक प्रश्न हमखास उरतो. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्याला काय द्यायचं? एक काका म्हणतात, पाच डॉलर द्यावेत. दुसरे म्हणतात, तिकिटात सगळं आलं, कशाला द्यायचं? एखादी मावशी हळूच सांगते, अहो, नाही दिलं तर मध्येच बसवून जातात म्हणे.

प्रश्न पाच डॉलरचा वाटतो, पण त्याच्या मागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग आपल्या घरातलाच आहे. तो कळला की कुठे द्यायचं आणि कुठे नाही, हे बरंचसं आपोआप सुटतं.

सुरुवात आपल्या पोस्तीपासून करू. दिवाळीत पोस्टमन, धोबी, दूधवाला, रस्ता झाडणारी बाई दारात यायची आणि आजी प्रत्येकाच्या हातावर पोस्त ठेवायची. फराळाची पुडी आणि वर काही पैसे. गाव सोडून आपण माळव्यात, गुजरातेत, निजामाच्या मुलखात आलो तरी ही रीत बरोबर आली. हिंदीवाले शेजारी तिला इनाम म्हणत, कुणी बक्षीस म्हणत. बक्षीस हा शब्द मुळात फारसी, त्याचा अर्थच देणगी. देणारा आपल्या खुशीनं देतो, घेणारा हक्कानं मागू शकत नाही, ही त्यातली मेख.

पोस्तीत आपुलकी होती, हे खरंच. ज्याला महिन्याचा पगार मिळत होता त्याच्यासाठी ती वरची गोड गोष्ट होती. पण ज्याचं पोटच देणाऱ्याच्या मर्जीवर होतं, त्याचं काय?

आपल्या जुन्या गावगाड्यात बलुतं होतं. सुतार, लोहार, न्हावी, महार वर्षभर गावाचं काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचे. कागदावर तो हक्क होता. पण किती द्यायचं, कधी द्यायचं, हे पुष्कळदा देणाऱ्याच्या हातात असायचं. महार वतनदारांची स्थिती तर फारच बिकट होती. काम सरकारचंही करायचं आणि मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन, अगदी तुटपुंजी रोख रक्कम आणि बाकी गावकऱ्यांकडचं बलुतं.

आपल्या महूला जन्मलेल्या आणि सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यातली एक मागणी अशी होती की बलुत्याच्या जागी पैशातला कर बसवावा, तो सरकारनं शेतसाऱ्याबरोबर वसूल करावा आणि कामाचा मोबदला ठरलेला असावा. म्हणजे दारोदार धान्य मागायला जायला नको. गावाचा राग झाला की बलुतं बंद, या शस्त्राची धारही जावी. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही, १९२९ मध्ये मागे घ्यावं लागलं. महार वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

आता विमानतळ ज्या देशात आहे तिकडे जाऊ, कारण त्याच १९२८ साली अमेरिकेतही जवळजवळ हाच वाद एका सरकारी आयोगापुढे उभा होता.

अमेरिकेत १८६७ साली जॉर्ज पुलमन यांनी झोपण्याच्या आलिशान रेल्वे डब्यांची कंपनी काढली. यादवी युद्ध दोनच वर्षांपूर्वी संपलं होतं, गुलामगिरी कायद्यानं गेली होती. पुलमननं डब्यांत पोर्टर म्हणून नेमके कृष्णवर्णीय पुरुष घेतले, त्यांतले पहिले कित्येक जण आधी गुलाम होते. अंथरूण घालायचं, बूट पुसायचे, बॅगा उचलायच्या. पगार इतका कमी की घर चालायचं ते प्रवाशांच्या टिपांवर. प्रवासी त्यांना स्वतःच्या नावानं हाकही मारत नसत. मालकाच्या नावावरून सगळेच 'जॉर्ज'. पूर्वी गुलामाला मालकाचं नाव लागायचं, तीच सवय.

१९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांची संघटना उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं. आम्हाला टिप नको, पगार द्या. कंपनी पगार कमी ठेवून आम्हाला प्रवाशांपुढे हात पसरायला लावते, हे थांबवा, अशी तक्रार संघटनेनं आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे नेली. १९२८ मध्ये आयोगानं हा विषय आपल्या अखत्यारीत नाही म्हणून ती फेटाळली. पण माणसं मागे हटली नाहीत. १९३७ साली पुलमन कंपनीला करार करावा लागला, पगार वाढला आणि कामाचे तास उतरले.

मुंबई इलाख्यातलं बलुतं आणि शिकागोच्या कंपनीची टिप, दोन्हींतलं दुखणं एकच. काम ठरलेलं, मोबदला मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर.

मग टिप बंद का नाही केली, असं कुणी विचारेल. तेही करून झालं. वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये टिप देण्याघेण्यावर बंदी घातली, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी घातली. पण १९२६ पर्यंत असे सगळे कायदे रद्द झाले. नुसती टिप बंद करून पगार कुणी वाढवून देत नाही.

उलट पुढे कायद्यानंच टिपेला पगारात बसवलं. स्टेशनवर लाल टोप्या घालून सामान उचलणारे 'रेड कॅप' बहुतेक ठिकाणी फक्त टिपांवर काम करत. १९३८ मध्ये अमेरिकेत ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा आला. स्टेशन चालवणाऱ्या कंपन्यांनी तोड काढली: मिळालेली टिप आम्हाला कळवा, कमी पडलं तर तेवढीच भर आम्ही घालू. हमाल कोर्टात गेले. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल स्टेशनचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९४२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. १९६६ पासून तर टिपेचा काही भाग वेतनात धरण्याची सोय कायद्यातच आली. आज तिथला केंद्रीय दर टिप मिळणाऱ्या कामगारासाठी ताशी २.१३ डॉलर आहे आणि तो १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही नेहमीचं किमान वेतन भरत नसेल तर उरलेलं मालकानं भरायचं. काही राज्यांत दर जास्त आहेत आणि काहींत टिप वेतनात धरायला परवानगीच नाही.

रेल्वे मागे पडली, विमानं आली आणि रेड कॅपचा झाला 'स्काय कॅप', म्हणजे विमानतळाच्या दारातच बॅगा घेणारा माणूस. २००५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं बोस्टनच्या विमानतळावर दारात बॅग दिली तर दोन डॉलर शुल्क लावलं. प्रवाशांना वाटलं हे त्या माणसालाच मिळतात, म्हणून वेगळी टिप देणं कमी झालं. शुल्क मात्र त्याच्या खिशात जात नव्हतं. कामगार कोर्टात गेले, २००८ मध्ये ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला. पण २०११ मध्ये वरच्या केंद्रीय न्यायालयानं तो फिरवला, कारण विमान कंपन्यांच्या दरांत आणि सेवांत राज्याचा कायदा लुडबुड करू शकत नाही. "तिकिटात सगळं आलं" म्हणणाऱ्या काकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. आपण भरलेला पैसा काम करणाऱ्यापर्यंत पोचतोच असं नाही.

सगळीकडे असंच आहे असंही नाही. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचे विमानतळ चालवणाऱ्या संस्थेनं २०१८ मध्ये ठराव केला की २०२३ पर्यंत कामगारांचं किमान वेतन ताशी १९ डॉलर करायचं. तेही कामगारांच्या बरीच वर्षं चाललेल्या आंदोलनानंतर.

आता घरी येऊ. आपल्या स्टेशनवरचा लाल डगल्यातला हमाल, दंडावर पितळी बिल्ला. त्याला रेल्वे परवाना देते, दर ठरवून देते, पण पगार देत नाही. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात अशा हमालांना गँगमन म्हणून नोकरीत घेण्याची घोषणा झाली आणि बऱ्याच जणांना घेतलंही. २०१६ मध्ये आपल्या कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना 'कुली' हा शब्द जाऊन 'सहायक' आला. शब्द बदलला ते चांगलंच झालं, पण सहायकालाही पगार नाहीच. त्यात सुटकेसला चाकं लागली आणि ओझंच कमी झालं.

विमानतळाची गोष्ट वेगळी. सांबऱ्याला उतरा, हरणीला उतरा की शमशाबादला, ट्रॉली फुकट असते. व्हीलचेअर हा आपला हक्क आहे, ती देणं विमान कंपनीचं काम, त्याचे वेगळे पैसे नाहीत. अमेरिकेतही १९८६ च्या कायद्याप्रमाणे ती मोफतच. ढकलणारा मुलगा मात्र बहुतेकदा कंत्राटदाराचा असतो. आपल्याकडच्या किमान वेतनाच्या कायद्यात टिप धरून पगार कमी देण्याची सोय नाही. कंत्राटदार कमी देत असेल तर तो कायदा मोडतो. तो खड्डा आपल्या पन्नास रुपयांनी बुजवायचा, हे कंत्राटदाराला सोयीचंच आहे.

मग द्यायचं की नाही? मला हिशेब असा दिसतो.

अमेरिकेत द्यायचं. व्हीलचेअरसाठी पाच-दहा डॉलर, बॅगेमागे दोन-तीन. तिथे बऱ्याच राज्यांत टिप वेतनात धरता येते. "मला ही पद्धतच पटत नाही" म्हणून हात आखडला तर तत्त्व आपलं राहतं आणि पोट त्याचं मारलं जातं. रँडॉल्फची मंडळी टिपेविरुद्ध लढली ती पगारासाठी, प्रवाशाचे पैसे वाचावेत म्हणून नव्हे.

भारतात बंधन नाही. मुलानं प्रेमानं नेलं, पाणी आणून दिलं, आजींना स्वच्छतागृहापर्यंत सांभाळून नेलं, तर पोस्तीसारखं द्या. काम झाल्यावर, उघडपणे. कुणी आधीच मागितलं, किंवा दिलं नाही म्हणून मध्येच सोडलं, तर मात्र विमान कंपनीकडे लेखी तक्रार करा. आणि काम चांगलं झालं असेल तर नाव विचारून चार ओळींचं कौतुकही कळवा.

जपानमध्ये टिपेची रीत नाही, तिथे देऊ नका. समोरचा अवघडतो.

सुरक्षा, कस्टम, इमिग्रेशन, जिथे सरकारी गणवेश आहे, तिथे एक पैसाही नाही. ती टिप नव्हे, लाच आहे, आणि २०१८ पासून आपल्या कायद्यात लाच देणाराही सरळ गुन्हेगार ठरतो.

तेव्हा आई-बाबा निघण्यापूर्वी एवढं करा. त्यांच्या हातपिशवीत एक-एक आणि पाच-पाच डॉलरच्या सुट्या नोटा वेगळ्या ठेवून द्या, शंभराची नोट तिथे कामाची नाही. आणि सांगून ठेवा, देताना त्या माणसाला नावानं हाक मारा. नाव त्याच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.