तारामतीच्या हातची आमटी

भारतीय चित्रपटसृष्टीची पहिली नायिका कोण, हा प्रश्न चार माणसांत टाकून बघा. कुणी देविका राणी म्हणेल, कुणी दुर्गा खोटे म्हणेल. एखादे काका 'आमच्या वेळची' अशी प्रस्तावना करून तिसरंच नाव घेतील आणि पाठोपाठ उसासा सोडतील. खरं उत्तर सांगितलं की मात्र मंडळी आपल्याकडे संशयानं बघू लागतात. कारण ही नायिका ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात आचारी होती. आचारीण नव्हे, आचारी. नाव अण्णा साळुंके.

पहिला नायक, पहिला दिग्दर्शक, पहिला कॅमेरावाला यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण तो सगळा प्रकार मला जितका कळला, त्यावरून माझं मत असं झालं आहे की हिंदी, मराठी, तमिळ, बंगाली, झाडून साऱ्या भारतीय चित्रपटांचा उगम स्टुडिओत नसून स्वयंपाकघरात आहे. हे विधान जरा धाडसाचं वाटेल. पुरावा देतो.

मूळ पुरुष धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७० साली, त्र्यंबकेश्वरी. वडील शास्त्री. मुलानं पोथ्या सांगाव्यात अशा घरातला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, तिथून बडोद्याच्या कलाभवनात गेला, गोध्र्याला त्यानं फोटोचं दुकान काढलं. प्लेगानं पहिली बायको आणि मूल नेलं. मग पुराणवस्तू खात्यात नकाशे काढण्याची नोकरी केली, ती सोडली. लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलं, तेही सोडलं. स्वतःचा छापखाना काढला, त्यासाठी जर्मनीला जाऊन आले, आणि धंदा रंगात आल्यावर भागीदाराशी बिनसलं म्हणून तोही सोडला. मधल्या काळात जादूचे प्रयोगही करीत. त्यासाठी त्यांनी आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' असं नाव घेतलं होतं. फाळक्यांचं उलट केळफा होतं हे ध्यानात येणाऱ्या माणसाच्या घरात केळफुलाची भाजी वरचेवर होत असली पाहिजे, असा माझा आपला एक तर्क.

अशा माणसाशी १९०२ साली लग्न झालेल्या बाईंचं नाव सरस्वतीबाई. आपल्याकडे स्थिर नोकरी बघून मुलगी देण्याची पद्धत आहे. या बाईंच्या वाट्याला एकाच नवऱ्याच्या पाच-सहा नोकऱ्या आल्या.

१९११ साली ईस्टरच्या सुमाराला गिरगावात एका तंबूवजा थेटरात येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा बोलपट, छे, मूकपट लागला होता. (बोलपट यायला अजून वीस वर्षं होती. सवयीनं लिहून जातो माणूस.) फाळके सरस्वतीबाईंना घेऊन तो बघायला गेले. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि खुर्चीत बसलेल्या फाळक्यांना डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती. आपणही चित्रपट बघताना दुसराच काही विचार करतो, पण तो बहुधा शेवटची लोकल सुटण्याचा असतो. चाळिशी उलटलेल्या, हाताशी काम नसलेल्या, पोरंबाळं असलेल्या या गृहस्थांनी त्या अंधारात ठरवलं की आता आपण हेच करायचं.

त्यानंतर काही महिने ते रोज चार-पाच तास चित्रपट बघत होते आणि उरलेल्या वेळात घरी प्रयोग करीत होते. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांनी उपचार करून, चष्मे देऊन त्यांना पुन्हा वाटेवर आणलं, आणि त्यांनी ती वाट लगेच थेटराकडे वळवली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२मध्ये लंडन गाठलं. तिथे 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत हा ओळख ना पाळख असलेला गृहस्थ सरळ संपादकांपुढे जाऊन उभा राहिला. संपादक सज्जन निघाले. आधी त्यांनी या भानगडीत पडू नका म्हणून समजावलं आणि ऐकत नाहीत म्हटल्यावर सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याशी ओळख करून दिली. तिथलं काम बघून, विल्यमसनचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेऊन फाळके परत आले, ती तारीख होती एक एप्रिल. सुज्ञ नातेवाइकांना एवढी खूण पुरे झाली असती.

आता स्वयंपाकघराकडे वळू.

पैसे देणाऱ्या माणसाला चित्रपट म्हणजे काय ते दाखवायला हवं. नट नाहीत, पडदे नाहीत, कपडे नाहीत. फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज त्याचा एकेक फोटो कॅमेऱ्यात घेतला. पडद्यावर मिनिटभरात वाटाण्याला कोंब फुटला, वेल झाला, वर चढला. सावकार थक्क. म्हणजे भारतीय चित्रपटात अभिनय करणारा पहिला कलावंत हा वाटाणा होय. मानधन मागितलं नाही, वेळेवर हजर राहिला, आणि दिग्दर्शकानं सांगितलं तेवढंच वाढला. पुढच्या शंभर वर्षांत असा नट मिळालेला नाही.

सावकार थक्क झाला तरी तारण मागायचं विसरला नाही. तिथे सरस्वतीबाईंचे दागिने उपयोगी पडले. विषय ठरला होता राजा हरिश्चंद्र. सत्यापायी राज्य, बायको आणि मुलगा सगळं पणाला लावणाऱ्या राजाची ही गोष्ट. विम्याच्या पॉलिसी गेल्या, बायकोचे दागिने गेले, आणि रोहिदासाचं काम करायला कुणी आपला मुलगा देईना, कारण गोष्टीत तो मरतो. मग फाळक्यांनी स्वतःचा भालचंद्र उभा केला. या चित्रपटासाठी त्यांना वेगळा अभ्यास करण्याची गरज पडली नसावी.

राहता राहिली तारामती. स्त्रियांनी कॅमेऱ्यापुढे उभं राहणं म्हणजे घराण्याचं नाव बुडवणं, असा तो काळ. कुलीन बायकांचा प्रश्नच नव्हता. फाळके बदनाम वस्तीतही जाऊन विनवण्या करून आले. तिथल्याही बायकांनी नाही म्हटलं. ज्या कामाला त्यांनीही नाकं मुरडली, त्याच कामासाठी पुढे लक्षावधी मुली घरातून पळून मुंबईला येणार होत्या, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! पुरुषनटांचीही तीच तऱ्हा. कुठे काम करता, असं कुणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' असं सांगा, असं फाळक्यांनी त्यांना शिकवून ठेवलं होतं म्हणतात. फॅक्टरी म्हटलं की मुलीच्या बापालाही धीर येतो. (याच नावाचा परेश मोकाशींचा मराठी चित्रपट २००९मध्ये आपल्याकडून ऑस्करला गेला.)

आणि एके दिवशी ग्रँट रोडच्या हॉटेलात बसले असताना फाळक्यांचं लक्ष आचाऱ्याच्या हातांकडे गेलं. नाजूक हात, सडपातळ बांधा. तिथे त्यांना दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, आणि अण्णा साळुंके पाच रुपयांच्या बढतीवर अयोध्येच्या महाराणी झाले. त्या दिवशी त्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांच्या आमटीचं काय झालं, याची इतिहासानं दखल घेतलेली नाही. माझा जीव मात्र त्या गिऱ्हाइकांसाठी तुटतो. चांगली नायिका मिळते हो, चांगला आचारी मिळत नाही.

मिशांचा एक मोठाच घोळ झाला म्हणतात. स्त्रीपात्रं करणारे नट मिशा काढायला तयार होईनात. मिशा काढायच्या त्या वडील वारल्यावर. वडील घरी धडधाकट असताना मिशा कशा काढणार? फाळक्यांनी त्यांना बाबापुता करून समजावलं. राणीला आणि तिच्या दासींना मिशा शोभत नाहीत, हा मुद्दा तर्कानं बरोबर असला तरी भावनेला पटायला वेळ लागतो.

दादरच्या हमरस्त्यावरच्या बंगल्यात काम सुरू झालं. सहा-सात महिने चाललं. साठ-सत्तर माणसं तिथेच राहायची, तिथेच जेवायची, आणि त्या सगळ्यांचा स्वयंपाक एकट्या सरस्वतीबाई करीत असत. मी हे आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. फाळक्यांचं लंडन, कॅमेरा, दृष्टी जाऊन परत येणं, हे सगळं तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं होतं. इथे मात्र तिचे हात थांबले.

"साठ?" ती म्हणाली. "आणि कणीक कोण मळत होतं?"

इतक्या वर्षांत चित्रपटाच्या एकाही अभ्यासकाला हा प्रश्न पडलेला माझ्या तरी वाचनात नाही. माणशी चार पोळ्या धरल्या तरी एका वेळच्या अडीचशे होतात. दोन्ही वेळच्या पाचशे. चुलीवर. आणि हे झालं नुसतं जेवणाचं. या बाई त्या सगळ्यांचे कपडे धुवायच्या. चित्रण चालू असताना उन्हाची तिरीप नटांच्या तोंडावर यावी म्हणून पांढरी चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहायच्या. रात्री सगळे झोपले की अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या. फिल्म धुण्याची रसायनं त्याच कालवायच्या. कॅमेऱ्यात फिल्म भरायला त्या शिकल्या होत्या. आजच्या चित्रपटाच्या अखेरीस जी नावांची गाडी वर सरकत जाते आणि आपण चपला शोधत असतो, त्यातली निम्मी खाती या एका बाईंकडे होती. पाचशे पोळ्या वेगळ्या.

आणि हो, या काळात घरात लहान मुलं होती. ती कुणी सांभाळली, हा सौभाग्यवतींचा दुसरा प्रश्न. ("त्यातलं एक तर नवऱ्यानं हरिश्चंद्राला दिलं होतं," हे माझं उत्तर तिला आवडलं नाही.)

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थेटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. लांबी ३७०० फूट. मुंबईत चालला झकास. सुरतेला मात्र पहिल्या खेळाचं उत्पन्न तीन रुपये झालं म्हणतात. नाटकवाले सहा तास खेळ करतात आणि हा गृहस्थ दीड तासात गुंडाळतो, हा त्या रसिकांचा आक्षेप. मग फाळक्यांनी जाहिरात केली: ५७,००० फोटो, दोन मैल लांब चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! आता एका फुटात सोळा फोटो बसतात. ५७,००० फोटोंचे झाले साधारण साडेतीन हजार फूट. म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. उरलेला सव्वा मैल ही आपल्या चित्रपट-जाहिरातीची पहिली थाप. पण गर्दी लोटली. माप भरघोस आहे म्हटल्यावर सुरतेचा माणूस नाही म्हणतोय काय!

त्याच वर्षी फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला आणि त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई अशा दोन खऱ्याखुऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. या कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. म्हणजे साळुंक्यांची मक्तेदारी काही महिनेच टिकली. १९१९च्या 'कालिया मर्दना'त तर फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. मुलगा रोहिदास, मुलगी कृष्ण. आईनं तेवढं पडद्यावर यायचं बाकी राहिलं. ती येणार कशी? चादर कुणी धरली असती?

फाळक्यांचं पुढे व्हायचं तेच झालं. कंपनी मोठी झाली, भांडवलवाले आले, आणि भांडवलवाल्यांशी पटलं नाही. रागानं काशीला जाऊन राहिले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, परत आले. चित्रपट बोलू लागला तेव्हा त्यांना त्याची भाषा फारशी मानवली नाही. १९३७चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकुलता एक बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ला ते नाशकात गेले. १९६९ साली सरकारनं त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला, १९७१ साली पोस्टाचं तिकीट निघालं, दादरला रस्त्यालाही त्यांचं नाव आहे. सरस्वतीबाईंचं नाव त्या तिकिटावर मावलं नसतं हे मला मान्य आहे. रस्ता मात्र चांगला रुंद आहे.

आणि आमचे अण्णा साळुंके? बायका आल्या म्हणून हा माणूस हॉटेलात परतला नाही. १९१७च्या 'लंकादहना'त त्यांनी सीतेचं काम केलं आणि रामाचंही केलं. एकाच माणसानं स्वतःचाच विरह सोसायचा, स्वतःच रडायचं आणि स्वतःच स्वतःला सोडवायला निघायचं! पण प्रेक्षकांचं त्यानं काही अडलं नाही. पडद्यावर राम आला की लोक थेटरात पायातल्या वहाणा काढून ठेवीत. चित्रपटावर इतका पैसा आला की नाण्यांची पोती बैलगाडीत घालून पोलिस पहाऱ्यात न्यावी लागली, अशी कथा आहे. ज्या हातांची आमटी भुरकून लोक पैसे मोजून चालते होत, त्याच हातांना लोक आता तिकीट काढून नमस्कार करीत होते.

पुढे ते कॅमेऱ्यामागे गेले. त्या काळचा कॅमेरा हातानं फिरवायचा. हँडल एका लयीत गोल गोल, सेकंदाला दोन फेरे, न थांबता, न घाई करता. जरा हात अडखळला की पडद्यावरची माणसं उड्या मारू लागत. मोठमोठ्यांना हे जमत नसे. साळुंक्यांना जमलं. हॉटेलातल्या मोठ्या पातेल्यात इतकी वर्षं पळी फिरवली होती त्यांनी.