शिशाचा अश्व

हैदराबादेत नामपल्लीच्या परिसरात, निजामी अमदानीत बाग-ए-आम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्यानात, १९३० साली सातव्या निजामाने स्थापिलेले जे संग्रहालय आजही उभे आहे, त्याच्याकडे मराठी माणसाने परमुलुखातील वास्तू म्हणून पाहण्याचे कारण नाही. कारण पैठण, तेर, नांदेड हा आपला सारा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या अंमलाखाली होता, आणि १९१४ साली गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या तेथील आसार-ए-कदीमा (पुरातत्त्व) खात्याने सातवाहनांची प्रतिष्ठान नगरी आणि तेलंगणातील कोंडापूर ही एकाच इतिहासाची दोन स्थळे मानून दोन्हीकडे उत्खनन केले. या संग्रहालयाच्या नाणेसंचयासारख्या संचयाचे खरे मोल कशात असते, हे सातवाहनांच्या एका साध्या, शिशाच्या, अश्वांकित नाण्यावरून जितके स्पष्ट होते तितके राशीभर सुवर्णमुद्रांवरूनही होत नाही.

हे नाणे दिसायला दरिद्रीच. धातू काळवंडलेला, कडांवर पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर, आणि मधोमध उजवीकडे तोंड करून उभा असलेला घोडा. भोवती ब्राह्मी अक्षरांत राजाचे नाव, परंतु ठसा धातूच्या चकतीहून मोठा असल्याने त्या नावाचा निम्मा भाग बहुधा चकतीबाहेरच राहिलेला. आणि मागील बाजूस, चार टोकांना चार वर्तुळे असलेले क्रूसाकार उज्जयिनी चिन्ह. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या अशा नाण्यावरील घोडा हाती धरून पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो अश्वमेधाचा, आणि तो अस्वाभाविकही नाही. नाणेघाटातील राणी नागनिकेच्या लेखात सातवाहनांच्या दोन अश्वमेधांची नोंद आहेच.

परंतु अश्वमेधाचे नाणे कसे असते, हे समुद्रगुप्ताच्या सुवर्णमुद्रेने निःसंदिग्धपणे दाखविले आहे: तेथे घोड्यासमोर पताका लावलेला यूप, म्हणजे यज्ञस्तंभ, आहे, मागील बाजूस चामर घेतलेली राजमहिषी आहे, आणि ‘अश्वमेधपराक्रमः’ हे बिरुद आहे. भरतपूरजवळ बयाना येथे १९४६ साली सापडलेल्या गुप्तांच्या सुवर्णनिधीची सूची करणारे डॉ. अनंत सदाशिव अळतेकर हे कोल्हापूरकडचे, आणि त्यांच्या सूचीतून कळते की गुप्तकालीन टांकसाळीत यज्ञाचा अश्व आणि राजाच्या मांडीखालचा अश्व यांत स्पष्ट भेद राखला जात होता. सातवाहनांच्या शिशाच्या अश्वापुढे यूप नाही. त्यामुळे केवळ घोडा दिसला म्हणून यज्ञ झाला असे म्हणणे हे पुराव्याच्या पुढे धावणे होय.

नाण्यावर घोडा यज्ञाशिवायही येतो; ग्रीसमधील कॉरिंथ नगराच्या चांदीच्या नाण्यांवर तर घोड्याला पंखही आहेत. पेगॅसस नावाच्या त्या दिव्य अश्वाचे चित्र कॉरिंथने इतके रूढ केले की ल्यूकास, अँब्रेसिया आदि संबंधित नगरांनीही तेच चित्र आपल्या नाण्यांवर घेतले, आणि आज ही नाणी कोणत्या नगराची हे घोड्यावरून नव्हे, तर त्याच्या पोटाखाली कोरलेल्या एका बारीक अक्षरावरून ओळखावे लागते. आपल्या कारागिरांनाही पंखांचे प्राणी अपरिचित नव्हते. पितळखोऱ्याच्या विहारात अर्धस्तंभांच्या माथ्यावर ते आजही दिसतात. तरीही यज्ञ सातकर्णीच्या टांकसाळीने पंख न देता चार पाय जमिनीवर टेकलेलाच घोडा निवडला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कॉरिंथच्या नाण्यांत जे काम ते अक्षर करते, तेच काम सातवाहन नाण्यांत सापडण्याचे ठिकाण करते. भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात यज्ञ सातकर्णीचे जे नाणे मिळाले, ते चांदीचे, राजाच्या मुखाकृतीचे, क्षत्रपांच्या धर्तीचे. विदर्भात आणि चांद्याकडे सापडणारी त्याच राजाची नाणी मिश्रधातूची, सोंड उचललेल्या हत्तीची. आणि शिशाचा घोडा मिळतो तो प्रामुख्याने कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडील आंध्रात. एकाच राजाच्या एकाच राज्यात प्रांतोप्रांती निराळा धातू आणि निराळे चित्र चालत होते, म्हणजे प्रत्येक मुलुखातील बाजाराची पूर्वीची सवय राज्यकर्त्यांनी सांभाळली, हा केवढा मोठा प्रशासकीय निष्कर्ष! आणि तो रॅप्सनसारख्या विद्वानाला १९०८ साली मांडता आला, याचे कारण नाण्यांबरोबर गावांची नावेही नोंदली गेली होती.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचेही तसेच. त्यातील नऊ हजारांवर नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या मुद्रेवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकली होती. संच एकत्र राहिला म्हणून क्षत्रपांचा पराभव सिद्ध झाला, अन्यथा एखादे सुटे नाणे सराफाने बिघडलेले म्हणून आटविले असते. अकोल्याकडील तऱ्हाळा येथील १९३९ च्या संचातून म. म. वा. वि. मिराशींनी पुराणांना अज्ञात असलेले सातवाहन राजे उजेडात आणले, तेही संच फुटला नाही म्हणूनच.

जुन्या नाण्यांचा शौक हा आपल्याकडे नवा नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या टेकाडांवर, शेतांत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि त्यांतून गावातच संग्रहालय उभे राहिले. त्यांच्या संग्रहाचे बळ हेच की वस्तू तेरची आहे हे कधी संशयात पडले नाही. याउलट पेठेत विकत घेतलेले, चिंचेने घासून चकचकीत केलेले, गावठाव विसरलेले नाणे कितीही देखणे असले तरी मुकेच. शिशाच्या नाण्याला तर आंबट पदार्थाचा स्पर्श म्हणजे नाशच, कारण त्याने धातू पोखरून त्याची पांढरी भुकटी होते. जमिनीत सापडलेला दफिना सरकारजमा करावा, शंभर वर्षांपूर्वीचे नाणे देशाबाहेर नेऊ नये, हे कायदे संग्राहकाला जाचक वाटतात; परंतु त्यांचा हेतू धातू वाचविण्याचा नसून संबंध वाचविण्याचा आहे. घोड्याचे नाणे मिळविण्याची हौस असणाऱ्याने म्हणून पहिली गोष्ट करावी ती ही, की नाणे ज्या पाकिटात ठेवायचे त्यावर राजाचे नाव लिहिण्याआधी गावाचे नाव लिहावे: राजाचे नाव विद्वान पुढे केव्हाही वाचू शकतील, पण एकदा हरवलेले गाव कोणत्याही विद्वत्तेला परत आणता येणार नाही.