दुर्गान्त नावे आणि मालवणचा किनारा : समासरचनेचा एक ऐतिहासिक विचार

स्थलनामांचा अभ्यास करणारास सामासिक नावे प्रथमदर्शनी सोपी वाटतात. दोन पदे वेगळी केली, प्रत्येकाचा अर्थ कोशात पाहिला, की नावाचा उलगडा झाला असे समजण्याकडे मनाचा कल असतो. परंतु समासात पदे तेवढी दिसतात. त्या पदांमधील संबंध लुप्त असतो. तो संबंध कोणता, हे व्याकरण सुचवू शकते, सिद्ध करू शकत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते. मालवणच्या किनाऱ्यावरील आणि त्याच्या आसपासच्या किल्ल्यांची नावे ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत. कारण एकाच उत्तरपदावर उभारलेली अनेक नावे येथे जवळजवळ सापडतात.

प्रथम उत्तरपदाचा विचार करू. 'दुर्ग' हा शब्द 'दुस्' हा उपसर्ग आणि 'गम्' हा धातू ह्यांपासून सिद्ध झाला आहे. जेथे कष्टाने जाता येते ते दुर्ग. मुळात हे विशेषण होय. 'दुर्गम' हे त्याचे भावंड आजही विशेषणच राहिले आहे. 'दुर्ग' मात्र पुढे नाम बनून तटबंदीचे स्थान दाखवू लागला. राजनीतीच्या ग्रंथांत त्याचे समास विपुल आहेत. मनुस्मृतीत धन्वदुर्ग, महीदुर्ग, अब्दुर्ग, वार्क्षदुर्ग, नृदुर्ग आणि गिरिदुर्ग असे सहा प्रकार सांगितले आहेत. कौटिल्याने औदक, पार्वत, धान्वन आणि वनदुर्ग असे चार मानले आहेत. ह्या सर्व शब्दांत पूर्वपदाचे कार्य एकच आहे : दुर्ग कशामुळे दुर्गम झाला, पाण्यामुळे की डोंगरामुळे, वाळवंटामुळे की अरण्यामुळे, हे ते सांगते. हे समास जातिवाचक आहेत. ते कोणा एका किल्ल्याचे नाव नव्हेत.

सतराव्या शतकातील मराठी राज्यात ह्याच उत्तरपदाला निराळे कार्य प्राप्त झाले. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग, रत्नदुर्ग ह्या नावांतील पूर्वपद किल्ल्याचा प्रकार सांगत नाही. ते गौरव करते. सुवर्णदुर्ग सोन्याचा नाही आणि पद्मदुर्गात कमळे नाहीत. येथे समास व्यक्तिवाचक झाला आहे. रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांपैकी एक 'दुर्गवर्ग' आहे. फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजण्याची जी दृष्टी त्या कोशात दिसते, तीच ह्या नावांच्या घडणीमागेही असावी असे मानण्यास हरकत नाही. 'किल्ला' हा शब्द अरबीतून आलेला, 'गड' हा प्राकृत-देशी परंपरेतील, 'कोट' हा संस्कृत 'कोट्ट' ह्याच्याशी जुळणारा. अशा चार पर्यायांतून 'दुर्ग' निवडला जाणे हे सहेतुक होते.

ह्या मालिकेत 'सिंधुदुर्ग' हे नाव वेगळे उठून दिसते. मालवणसमोरील कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी ह्या किल्ल्याचे काम आरंभिले आणि ते १६६७ साली पूर्ण झाले. 'सिंधु' म्हणजे समुद्र. अर्थात 'सिंधूतील दुर्ग' असा सप्तमी तत्पुरुष, किंवा 'सिंधूचा दुर्ग' असा षष्ठी तत्पुरुष, असे दोन्ही विग्रह होतात. कसेही असले तरी हा शब्द शास्त्रकारांच्या 'अब्दुर्गा'चा सरळ वंशज आहे. तो प्रकारही सांगतो आणि नावही होतो. जातिवाचक समास आणि गौरववाचक समास ह्यांच्या सीमेवर तो उभा आहे.

विजयदुर्गाची गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची आहे. त्याचे जुने नाव घेरिया. ते शेजारच्या गिर्ये गावाशी जोडले जाते. 'विजयदुर्ग' ह्याचा विग्रह 'विजयाने मिळालेला', 'विजयसूचक' किंवा 'विजय देणारा' असा तिन्ही प्रकारे करता येईल. परंपरा चौथाच अर्थ सांगते : किल्ला १६५३ साली, म्हणजे शके १५७५ मध्ये, विजयनाम संवत्सरी घेतला, म्हणून तो विजयदुर्ग. शके १५७५ ह्या वर्षाचे नाव 'विजय' होते हे पंचांगगणिताने जुळते. परंतु किल्ला त्या वर्षी घेतला गेला हे त्या गणितावरून सिद्ध होत नाही. व्याकरण चारही विग्रहांना सारखीच अनुमती देते. त्यांतून निवड करण्याचे साधन व्याकरणात नाही. केवळ नावाच्या फोडीवरून इतिहासाची तारीख ठरवू पाहणे किती धोक्याचे आहे, ते येथे कळते.

उत्तरपदाकडे दुर्लक्ष केल्यासही तितकाच घोटाळा होतो. सिंधुदुर्ग आणि किनारा ह्यांच्या दरम्यानच्या लहानशा बेटावर पद्मगड आहे. मुरुडजवळ, जंजिऱ्यासमोर, कासा खडकावर पद्मदुर्ग आहे. पूर्वपद एकच, भेद केवळ 'गड' आणि 'दुर्ग' ह्यांचा. 'दुर्ग' समुद्रातील आणि 'गड' डोंगरावरील असा नियम कित्येकदा सांगितला जातो. राजगड, प्रतापगड, सिंहगड ही एका बाजूची उदाहरणे; सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग ही दुसऱ्या बाजूची. पण पद्मगड बेटावरचा असून 'गड' आहे, देवगड समुद्राला लागून असून 'गड' आहे, आणि कर्नाटकातील चित्रदुर्ग डोंगरावर असून 'दुर्ग' आहे. तेव्हा हा नियम नसून केवळ कल आहे, एवढेच म्हणता येते.

मालवणजवळ कोळंब खाडीच्या मुखाशी असलेला सर्जेकोट हे संकर-समासाचे चांगले उदाहरण होय. 'सर्जा' हा फारसीतून आलेला सिंहवाचक शब्द आणि 'कोट' हा संस्कृत परंपरेतील. पूर्वपद 'सर्जा' असे न राहता 'सर्जे' झाले आहे. संस्कृत तत्पुरुषात पूर्वपदाची विभक्ती सामान्यतः लोपते. अलुक् समासात मात्र ती टिकते, जसे 'युधिष्ठिर'. देशी वळणाच्या मराठी समासात पूर्वपदाचे असे बदललेले रूप पुष्कळदा दिसते. सिंधुदुर्ग हा पंडितांच्या घडणीचा समास, सर्जेकोट हा बोलीच्या घडणीचा. दोन्ही एकाच काळाच्या आणि एकाच किनाऱ्याच्या आहेत.

हीच रचना उत्तर युरोपातील नॉर्वेच्या भाषेत पाहावयास मिळते, आणि ती तुलना उद्बोधक आहे. नॉर्वेजियन भाषेतही समास जोडून लिहितात आणि मुख्य पद शेवटी येते. 'हूस' म्हणजे घर. 'सिकेहूस' म्हणजे आजाऱ्यांचे घर, अर्थात रुग्णालय. 'रोदहूस' म्हणजे मंडळाचे घर, अर्थात नगरसभागृह. मध्ययुगात राजांच्या किल्ल्यांनाही हेच उत्तरपद लागले : आकेर्सहूस, बेर्गेनहूस, वार्डोहूस. 'घर' ह्या अर्थाचे पद येथे 'दुर्ग' ह्या अर्थाने आले आहे. 'आकेर्सहूस' ह्यातील 'स्' हा जुन्या षष्ठीचा अवशेष असून तो अलुक् समासाची आठवण करून देतो. त्यातील 'आकेर' ह्याचा मूळ अर्थ शेत; संस्कृतातील 'अज्र' हा शब्द त्याचा दूरचा आप्त होय.

आकेर्सहूसचा पुढील इतिहासही आपल्या विषयाशी जुळतो. किल्ल्याचे नाव पुढे प्रदेशाला मिळाले. किल्ला ओस्लो नगराच्या हद्दीत राहिला आणि आकेर्सहूस हा प्रांत नगराच्या भोवती, निराळा, असा झाला. २०२० साली तो प्रांत विकेन ह्या मोठ्या विभागात विलीन केला गेला. २०२४ साली तो त्याच जुन्या नावाने पुन्हा अस्तित्वात आला. सिंधुदुर्गाचेही असेच घडले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला. ह्या जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याची गावेही येतात, जेथून समुद्र दिसत नाही. जिल्ह्याचे ठाणे ओरोस येथे वसले आणि त्यास सिंधुदुर्गनगरी हे नाव मिळाले. समासावर समास चढला. समुद्रापासून आत, डोंगराळ भागात असलेल्या नगरीच्या नावात 'सिंधु' आणि 'दुर्ग' ही दोन्ही पदे आहेत. परंतु तेथे ती आता अर्थ सांगत नाहीत, केवळ ओळख देतात.

अर्थ विझण्याची ही क्रिया आजची नव्हे. 'किल्ले सिंधुदुर्ग' ह्या रूढ प्रयोगातच ती दिसते. 'दुर्ग' ह्यातच किल्ला आलेला असता मागे पुन्हा 'किल्ले' लावावे लागले, ह्याचा अर्थ उत्तरपद नावात विरघळून गेले होते. ह्याउलट १७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला जिंकून त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढल्याच वर्षी किल्ला करवीरकरांकडे परत गेला आणि ते नाव लोपले. १८१२ साली मालवण इंग्रजांच्या हाती कायमचे आले, तरीही ते नाव रुजले नाही. नाव देण्यास सत्ता पुरते. ते टिकण्यास लोकांच्या तोंडी बसावे लागते.

लोकांची घडण किल्ल्याच्या आतच पाहावी. सिंधुदुर्गात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. 'बाव' हे संस्कृत 'वापी'चे कोकणी वळण. ह्या विहिरींत दूध नाही, दही नाही, साखरही नाही. चोहोंकडे खारट पाणी असता मध्ये गोडे पाणी लागावे, ह्याचे अप्रूप त्या पूर्वपदांत साठले आहे. वेढ्याच्या प्रसंगी अशा बेटावरील शिबंदीचा जीव पाण्यावरच अवलंबून असतो. हा प्रसंग डोळ्यांपुढे नसेल तर 'दूधबाव' हा शब्द निव्वळ कौतुकाचा वाटेल. असेल तर त्याचा विग्रह आपोआप होतो.

खुद्द 'मालवण' ह्या नावाची 'महालवण' अशी एक आणि 'माड' व 'बन' ह्यांपासून दुसरी अशा दोन फोडी सांगितल्या जातात. पहिली मिठाकडे बोट दाखवते, दुसरी माडांच्या बागांकडे. किनाऱ्यावर दोन्ही आहेत, म्हणूनच दोन्ही फोडी पटतात. आणि म्हणूनच पटणे हे प्रमाण नव्हे. जुन्या लेखांतील नावाची क्रमवार रूपे मांडल्यावाचून असा निर्णय होत नसतो. तात्पर्य, समासातील पदे शब्दकोशात सापडतात. त्यांचा विग्रह दप्तरांत, तटबंदीत आणि विहिरींच्या काठी शोधावा लागतो.