गोव्याचं राजेशाही इस्पितळ: पाहुणा कोण?

निवृत्तीनंतर मी लखनौला स्थायिक झालो. परवा अमीनाबादच्या औषधबाजारात रक्तदाबाच्या गोळ्या घेत असताना एका आजोबांनी मला ‘अस्पताल’ कुठे म्हणून विचारलं, आणि मला आपलं ‘इस्पितळ’ आठवलं. आज त्याचीच गोष्ट.

हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचं लॅटिन मूळ ‘पाहुणा’ या अर्थाचं. मध्ययुगीन युरोपात थकल्याभागल्या यात्रेकरूला आसरा देणारी जागा म्हणजे इस्पितळ, आणि त्याच्या सोबतीला प्रार्थनामंदिर. ही जोडी पुढे गोव्यातही उतरली.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतलं. त्या विजयाची आठवण म्हणून कॅथरीनचं चॅपल बांधलं आणि आजारी सैनिकांसाठी राजाचं इस्पितळ उभारलं. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर आधी याच इस्पितळात राहिला.

१६०८ मध्ये पिरार नावाचा फ्रेंच खलाशी इथे आजारी होऊन आला. स्वच्छ बिछाने आणि चांदीची भांडी पाहून तो थक्क झाला. जगात याहून चांगलं इस्पितळ नसेल, असं त्याने लिहिलं. बरा होताच मात्र त्याची रवानगी तुरुंगात झाली!

त्याच्या आधी येऊन गेलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाची नोंद वेगळी आहे. इथे दरवर्षी ५०० हून अधिक माणसं मरत, असं तो सांगतो. आणि याच गोव्यात व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्री आपल्या डॉक्टरांपेक्षा हिंदू वैद्यांवर जास्त विसंबत, हेही तोच सांगतो.

आता गंमत पाहा. इस्पितळाचं दार उघडं होतं ते पोर्तुगीजांना आणि पिरारसारख्या युरोपीय ख्रिश्चनांना. ज्या वैद्याच्या हाती खुद्द व्हाइसरॉय आपली नाडी द्यायचा, त्याच्या भाऊबंदांना आत खाट नव्हती.

फौजेत आम्हाला पहिल्यापासून शिकवलं होतं, की जखमी शत्रूचा असला तरी आधी जखम बघायची, गणवेश नंतर. म्हणून मला चांदीच्या ताटांचं फारसं कौतुक वाटत नाही.

जुन्या गोव्यात ते इस्पितळ आज उभं नाही. कॅथरीनचं चॅपल मात्र आहे. त्याची १९५२ मध्ये पुन्हा बांधणी झाली. अल्बुकर्क ज्या दारातून शहरात शिरला ते इथे होतं, असं तिथला शिलालेख सांगतो. विजेत्याच्या दाराची खूण दगडावर राहिली. रुग्णाचं दार कुणासाठी बंद होतं, ते मात्र आपणच लक्षात ठेवायचं.

गोव्याला गेलात तर सेंट फ्रान्सिस चर्चच्या पश्चिमेला चार पावलं जरूर जा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!