कुलपाची निगा : सर्व्हरवरील कूटबद्ध जोडणी

संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचा अर्ज भरून बटण दाबले की तो मजकूर थेट संबंधित सर्व्हरपर्यंत पोहोचतो, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक वाटेत अनेक यंत्रे येतात. घरातील किंवा कार्यालयातील राउटर, इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपनीची उपकरणे आणि सर्व्हर ज्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेला असतो तेथील यंत्रणा, अशा अनेक हातांतून हा मजकूर पुढे सरकतो. साध्या एचटीटीपी जोडणीतून जाणारी माहिती ही पोस्टकार्डासारखी असते. ज्याच्या हाती ती पडते त्याला वाचता येते, आणि त्यात खाडाखोडही करता येते.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाचा एक छोटा प्रोग्राम प्रसिद्ध झाला. सार्वजनिक वाय-फायवर बसलेल्या शेजारच्या व्यक्तीचे खाते त्याच्या साह्याने एका क्लिकमध्ये ताब्यात घेता येत असे. त्या काळी अनेक मोठी संकेतस्थळे केवळ पासवर्डचे पान कूटबद्ध ठेवत आणि पुढील सर्व व्यवहार उघड्यावर चालत. दाराला कुलूप लावून खिडक्या सताड उघड्या ठेवण्याचाच हा प्रकार होता. त्यानंतरच्या काही वर्षांत संपूर्ण संकेतस्थळ कूटबद्ध ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

एसएसएल ते टीएलएस

या तंत्राचा उगम नेटस्केप कंपनीत झाला. तिने १९९५ मध्ये एसएसएलची दुसरी आणि १९९६ मध्ये तिसरी आवृत्ती आणली. पुढे हे काम इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या संस्थेकडे आले आणि १९९९ मध्ये ते टीएलएस या नव्या नावाने प्रसिद्ध झाले. टीएलएस १.१ ही आवृत्ती २००६ मध्ये, १.२ ही २००८ मध्ये, तर १.३ ही ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. बोलीभाषेत आजही ‘एसएसएल प्रमाणपत्र’ असाच शब्द वापरला जातो. मात्र, एसएसएलच्या सर्व आवृत्त्या कालबाह्य ठरल्या आहेत. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘पूडल’ या हल्ल्याने तिसऱ्या आवृत्तीचा शेवट केला. मार्च २०२१ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्याही अधिकृतपणे निवृत्त करण्यात आल्या.

टीएलएस तीन गोष्टींची हमी देते. मजकूर तिसऱ्याला वाचता येणार नाही, वाटेत बदललेला मजकूर लगेच लक्षात येईल आणि समोरचा सर्व्हर ज्याचे नाव सांगतो त्याचाच आहे, या त्या तीन हमी होत. यातील तिसरी हमी सर्वात नाजूक आहे. चोराशीच अत्यंत गुप्तपणे बोलण्यात काहीच अर्थ नसतो.

किल्ली आणि प्रमाणपत्र

सर्व्हरवरील कामाचा प्रारंभ किल्ल्यांच्या जोडीपासून होतो. सार्वजनिक किल्ली सर्वांना दिली जाते, तर खासगी किल्ली सर्व्हरवरच राहते. आरएसए पद्धतीची २०४८ बिटांची किंवा ईसीडीएसए पद्धतीची २५६ बिटांची किल्ली सर्वसामान्य वापरास पुरेशी मानली जाते. किल्ली तयार करताना लागणारे आकडे खरोखर यादृच्छिक असावे लागतात. डेबियन या लिनक्स प्रणालीत २००६ मध्ये झालेल्या एका बदलामुळे ही यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली आणि प्रत्येक आकाराच्या संभाव्य किल्ल्यांची संख्या जेमतेम ३२ हजारांच्या घरात उरली. ही चूक मे २००८ मध्ये उघड झाली. तोपर्यंत तयार झालेल्या असंख्य किल्ल्या बाहेरून अगदी भक्कम दिसत होत्या, प्रत्यक्षात त्यांचा अंदाज बांधता येत होता. गणितात कोणताही दोष नव्हता, दोष निगराणीत होता.

खासगी किल्लीची फाइल सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थापक खात्यालाच वाचता यावी. लिनक्सच्या परिभाषेत तिचे परवानगीमूल्य ६०० असावे. ही फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवू नये, ई-मेलने पाठवू नये आणि प्रोग्रामच्या सामायिक साठ्यातही टाकू नये. लहान संस्थांमध्ये सर्व्हरचे काम बहुधा बाहेरच्या माणसाकडे दिलेले असते. तो काम सोडून गेला की किल्ली आणि डोमेनचे पासवर्ड त्याच्याकडेच राहतात. अशा वेळी नवी किल्ली तयार करून जुने प्रमाणपत्र रद्द करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

यानंतर सार्वजनिक किल्लीसह प्रमाणपत्राचा अर्ज केला जातो. डोमेनवर अर्जदाराचा ताबा आहे, याची खात्री करून प्रमाणन संस्था त्यावर आपली स्वाक्षरी करते. पूर्वी या कामासाठी दरवर्षी पैसे मोजावे लागत. डिसेंबर २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही विनामूल्य सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि हे चित्र पालटले. ‘सर्टबॉट’सारखे प्रोग्राम अर्ज, पडताळणी आणि नूतनीकरण ही सर्व कामे आपोआप करतात.

सर्व्हरवरील मांडणी

अ‍ॅपाची असो वा एंजिनएक्स, सर्व्हरला मुख्यतः दोन फाइलींचे ठिकाण सांगावे लागते : खासगी किल्ली आणि प्रमाणपत्रांची साखळी. येथे एक चूक वारंवार घडते. ब्राउझरला मूळ प्रमाणन संस्था ठाऊक असते, परंतु संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी बहुधा मधल्या दुय्यम संस्थेची असते. तिचे प्रमाणपत्र सर्व्हरने सोबत पाठविणे आवश्यक असते. ते न पाठविल्यास व्यवस्थापकाच्या संगणकावर संकेतस्थळ सुरळीत उघडते, कारण त्याच्या ब्राउझरने ते मधले प्रमाणपत्र पूर्वी कोठेतरी साठवलेले असते. ग्राहकाच्या मोबाइलवरील अ‍ॅप मात्र जोडणी नाकारते. ‘आमच्याकडे तर चालते’ या उत्तराचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

दुसरी बाब आवृत्त्यांची. सर्व्हरवर टीएलएस १.२ आणि १.३ एवढ्याच आवृत्त्या सुरू ठेवाव्यात. १.३ मध्ये जुन्या व दुबळ्या कूटपद्धती मुळातच वगळल्या आहेत आणि जोडणी जुळण्यासाठी दोनऐवजी एकच फेरी लागते. १.२ सुरू ठेवताना आरसी४ आणि ट्रिपल डीईएस या पद्धती बंद कराव्यात आणि प्रत्येक जोडणीसाठी तात्पुरती नवी किल्ली निर्माण करणाऱ्या पद्धतींनाच वाव द्यावा. त्याचा लाभ असा, की पुढे कधी सर्व्हरची खासगी किल्ली चोरीस गेली तरी आधी टिपून ठेवलेले संभाषण चोराला उलगडता येत नाही. महाजालावरील जुन्या मार्गदर्शिकांमधून मांडणी जशीच्या तशी उतरवून घेणे टाळावे. दहा वर्षांपूर्वीचा उत्तम सल्ला आज घातक ठरू शकतो.

तिसरी बाब साध्या जोडणीची. पोर्ट ८० वर येणाऱ्या प्रत्येक विनंतीस पोर्ट ४४३ वरील कूटबद्ध पत्त्याकडे वळवावे. त्यानंतर ‘एचएसटीएस’ ही सूचना सुरू करता येते. ‘या संकेतस्थळाशी यापुढे कूटबद्ध जोडणीनेच बोलावे’ असे ती ब्राउझरला सांगते. तिची मुदत सेकंदांत दिली जाते आणि एक वर्ष म्हणजे ३,१५,३६,००० सेकंद. परंतु प्रारंभी ही मुदत काही मिनिटांचीच ठेवावी. एकदा ब्राउझरने वर्षभराची सूचना लक्षात ठेवली आणि त्यानंतर प्रमाणपत्रात बिघाड झाला, तर त्या ग्राहकाला संकेतस्थळ उघडण्याचा कोणताही आडमार्ग उरत नाही.

सर्व्हरपुढे लोड बॅलन्सर किंवा अन्य मध्यस्थ सेवा असेल, तर कूटबद्ध जोडणी पुष्कळदा तेथेच संपते. मध्यस्थापासून मूळ सर्व्हरपर्यंतचा टप्पाही कूटबद्ध आहे ना, हे स्वतंत्रपणे तपासावे.

वेब सर्व्हरपलीकडे

संकेतस्थळ सुरक्षित करून टपाल मात्र उघडे ठेवणे, हा विरोधाभास अनेक ठिकाणी आढळतो. ई-मेल पाठविण्यासाठी पोर्ट ४६५ किंवा ५८७ आणि वाचण्यासाठी पोर्ट ९९३ यांवर टीएलएसची सक्ती असावी. डेटाबेस वेगळ्या यंत्रावर असल्यास तेथवरची जोडणीही कूटबद्ध करावी. सर्व्हरवर दुरून काम करण्यासाठी जे एसएसएच वापरले जाते, त्यात पासवर्डऐवजी किल्लीने प्रवेश द्यावा. तसेच पहिल्या जोडणीच्या वेळी दिसणारा सर्व्हरच्या किल्लीचा ठसा खरोखर ताडून पाहावा. डोळे मिटून ‘होय’ टंकित केल्यास समोर कोणता सर्व्हर आहे, याची हमी संपते.

मुदत संपते तेव्हा

मांडणी पूर्ण झाली म्हणजे काम संपले, असे समजणे हीच सर्वात महाग पडणारी चूक होय. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओटू आणि जपानमधील सॉफ्टबँक या कंपन्यांची मोबाइल सेवा एकाच दिवशी कोलमडली आणि कोट्यवधी ग्राहकांचे व्यवहार खोळंबले. एरिक्सन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने हे घडल्याचे त्या कंपनीने सांगितले. कोणी हल्ला केला नव्हता, एक तारीख उलटून गेली होती.

या तारखा आता अधिकाधिक जवळ येत आहेत. सप्टेंबर २०२० पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस करण्यात आली. प्रमाणन संस्था आणि ब्राउझर निर्माते यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार ही मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस अशी ठरली आहे. वहीत तारीख लिहून ठेवण्याची पद्धत या वेगापुढे टिकणारी नाही. नूतनीकरण स्वयंचलितच असावे लागेल.

स्वयंचलित व्यवस्थेतही दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की डोमेनच्या ताब्याची नेहमीची पडताळणी पोर्ट ८० वरून होते. सुरक्षिततेच्या कल्पनेने कोणी ते पोर्ट फायरवॉलवर बंद केले, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. नूतनीकरण तेवढे गुपचूप अयशस्वी होत राहते आणि काही आठवड्यांनी संकेतस्थळ अचानक बंद पडते. दुसरा असा, की नवे प्रमाणपत्र डिस्कवर आले तरी सर्व्हरने मांडणी पुन्हा वाचेपर्यंत जुनेच प्रमाणपत्र ग्राहकांना दिले जाते. म्हणून नूतनीकरणानंतर सर्व्हरला तशी आज्ञा देण्याची सोय करावी आणि मुदतीची तपासणी बाहेरच्या यंत्रावरून करावी. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने मुदतीची आठवण करून देणारे ई-मेल जून २०२५ मध्ये बंद केले आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

विश्वासाला तडा

कधी दोष सॉफ्टवेअरमध्येच निघतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली. सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा दर विनंतीस बाहेरच्या कोणालाही वाचता येत होता आणि त्यात पासवर्ड, प्रसंगी खासगी किल्लीही असू शकत होती. केवळ सॉफ्टवेअर अद्ययावत करणे येथे पुरेसे नव्हते. किल्ल्या बदलणे आणि जुनी प्रमाणपत्रे रद्द करणेही आवश्यक होते.

कधी प्रमाणन संस्थाच फसते. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन शेकडो बनावट प्रमाणपत्रे तयार झाली. त्यातील गुगलच्या नावाचे प्रमाणपत्र इराणमधील वापरकर्त्यांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले आणि अखेर त्या संस्थेचे दिवाळे निघाले. भारतही यास अपवाद नाही. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे गुगलने जाहीर केले होते. आता दिलेली प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवह्यांत नोंदविली जातात. आपल्या डोमेनच्या नावे अन्य कोणी प्रमाणपत्र घेतले आहे काय, हे तेथे पाहता येते. शिवाय डोमेनच्या डीएनएस नोंदीत ‘सीएए’ ही नोंद करून कोणत्या संस्थेने प्रमाणपत्र द्यावे, हे ठरविता येते. सप्टेंबर २०१७ पासून ही नोंद पाहणे प्रमाणन संस्थांवर बंधनकारक आहे.

कुलूप काय सांगत नाही

जोडणी कूटबद्ध आहे म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक आहे, असे नव्हे. फसवणूक करणाऱ्यालाही स्वतःच्या डोमेनचे प्रमाणपत्र विनासायास मिळते. हा गैरसमज दूर व्हावा म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्हच काढून टाकले.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. एखाद्या पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या संकेतस्थळावर मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचा इशारा येतो, तेव्हा तेथील कर्मचारी ग्राहकाला सांगतो, ‘काही नाही, पुढे जा म्हणा.’ ग्राहक पुढे जातो, काम होते आणि इशारा निरर्थक असतो हा धडा त्याच्या मनात पक्का होतो. उद्या खरोखर कोणी मधे बसून त्याच्या बँकेचे सोंग घेईल, तेव्हाही तोच इशारा येईल आणि तो तसाच पुढे जाईल. सर्व्हरच्या व्यवस्थापकाने तारीख चुकविली, तर त्याची किंमत अशा रीतीने भलत्याच ठिकाणी, भलत्याच माणसाला मोजावी लागते. कुलूप लावणे हे एका दुपारचे काम असते. त्याची निगा राखणे हे मात्र सर्व्हर चालू असेपर्यंतचे काम असते.