सकळ लिपीची किल्ली

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, या जिल्ह्याच्या उत्तर भागाशी मराठीच्या दोन आद्य ग्रंथांचे नाते आहे. परंतु त्या दोहोंचे दैव अगदी निराळे ठरले. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ती यथाकाल घरोघर पोचली. तिच्या थोडे आधी म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव हिंडून गोळा केल्या व लीळाचरित्र सिद्ध केले. हे म्हाइंभट सराळ्याचे. आणि स्वामींचा जेथे मुक्काम घडला ते डोमेग्राम म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील गोदातीरीचे कमालपूर होय. मराठी गद्याचा हा पहिला थोर ग्रंथ. तथापि पंथाबाहेरच्या वाचकाच्या हाती तो पडण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

याचे एक मोठे कारण लिपी हे होय. चौदाव्या शतकात रवळोबास यांनी सकळ लिपी तयार केली असे मानतात. पुढे सुंदरी, अंक, वज्र, शून्य अशा आणखीही सांकेतिक लिप्या पंथात निघाल्या. युक्ती फारशी गहन नव्हती. नेहमीच्या वर्णाच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह लिहावयाचे, एवढेच. ज्यास तो कोठा ठाऊक, त्यास पोथी सहज वाचता येई. इतरांस ती केवळ अक्षरांची भाऊगर्दी दिसे. पवित्र वचने अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत व त्यांत भेसळ होऊ नये, हा हेतू होता. तो हेतू बहुतांशी साधला, परंतु त्याची किंमतही पंथासच मोजावी लागली. पोथ्या कोणी वाचू शकत नव्हते, म्हणून त्यांत काय असेल याविषयी वाटेल ते बोलले गेले. आणि प्रवादाचे खंडन करणारा पुरावा त्याच कुलुपात अडकून पडला होता.

हे कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात उघडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, आणि मग महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासास खरी गती मिळाली.

येथे एक गणित पाहण्यासारखे आहे. मराठीतील ‘क’पासून ‘ळ’पर्यंतची चौतीस व्यंजने एकमेकांच्या जागी किती प्रकारे मांडता येतील? ती संख्या एकोणचाळीस अंकी भरते. आज संगणकाचा एक कार्यक्रम दुसऱ्याकडे काही मागू लागला, की त्यास ओळख म्हणून एक किल्ली दाखवावी लागते. तिला एपीआय की किंवा टोकन म्हणतात. अशी किल्ली १२८ बिटांची असेल, तर तिचेही प्रकार एकोणचाळीस अंकीच होतात. संख्या जवळजवळ सारखी असताना एक किल्ली विद्वानाच्या चिकाटीपुढे उघडली आणि दुसरी जगातील सर्व संगणक राबवूनही हाती लागत नाही, हे कसे?

कारण असे, की सकळ लिपीमागे भाषा उभी होती. चिन्ह बदलले तरी भाषेची सवय बदलत नाही. काही वर्ण पुनःपुन्हा येतात, काही क्वचित. तीच नावे, तेच प्रत्यय पानोपानी भेटतात. नवव्या शतकात बगदादेस अल-किंदी याने वर्णांची वारंवारता मोजून गुप्त लेख वाचण्याची रीत लिहून ठेवली होती. टोकनास मात्र अर्थच नसतो. ते निव्वळ यदृच्छेने निघालेले असते, निदान असावे लागते.

या ‘असावे लागते’ची उपेक्षा अनेकांस भोवली आहे. १९९५ मध्ये बर्कले येथील गोल्डबर्ग व वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिले, की नेटस्केपच्या गुप्त किल्ल्या घड्याळातील वेळ आणि चालू कार्यक्रमांचे क्रमांक यांवरून काढल्या जात; अर्थात त्या अंदाजाने शोधता येत. डेबियन या संगणकप्रणालीत २००६ मध्ये एका दुरुस्तीच्या भरात यादृच्छिकतेचा झराच आटला. २००८ मध्ये ते उघडकीस आले, तेव्हा एका जातीच्या व लांबीच्या किल्ल्यांचे प्रकार अवघे ३२,७६८ उरले होते! बाहेरून पाहता त्या किल्ल्या पूर्वीइतक्याच लांब व अगम्य दिसत. म्हणूनच जाणते लोक किल्लीसाठी तारीख, नाव किंवा खेळातील सोंगट्यांपुरती केलेली साधी यादृच्छिक गणना वापरीत नाहीत. यंत्रातील सूक्ष्म गोंधळ गोळा करून संगणकाची मूळ प्रणाली जे अंक पुरविते, तेच घेतात.

ऑगस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच बजाविले होते, की पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये; गुप्त राहावी ती किल्ली. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली ही एकच वस्तू होती, आणि ती मठामठांतून पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. टोकन फुटल्याचा संशय आला, तर ते तत्क्षणी रद्द करून दुसरे देता येते. देणाराही बहुधा मूळ टोकन न ठेवता त्यावरून काढलेला, उलटा न फिरविता येणारा ठसा तेवढा ठेवतो. पोथ्यांस ही सोय नव्हती. किल्ली बदलावयाची, तर शेकडो वर्षे नकलून ठेवलेले प्रत्येक पान नव्याने लिहून काढावे लागले असते.