शासकीय विधी महाविद्यालय, मुंबई : बाबासाहेबांच्या प्राचार्यपदाची तीन वर्षे

चर्चगेट स्टेशनवरून ए रोडने मरीन ड्राइव्हकडे जाताना शासकीय विधी महाविद्यालयाची इमारत लागते. जीएलसी या नावाने ते सर्वांना परिचित आहे. चैत्यभूमी, राजगृह, सिद्धार्थ कॉलेज ही मुंबईतली ठिकाणे आपल्या तरुणांना ठाऊक असतात. त्याच यादीत या महाविद्यालयाचेही नाव हवे.

स्थापना

हे आशियातील सर्वात जुने विधी महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. त्याची सुरुवात १८५५ साली झाली, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही दोन वर्षे आधी. सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या सन्मानार्थ नागरिकांनी निधी जमवला आणि त्यातून कायद्याच्या प्राध्यापकाचे पद निर्माण झाले. एल्फिन्स्टन संस्थेत वर्ग भरू लागले. पुढे 'गव्हर्नमेंट लॉ स्कूल' आणि त्यानंतर पूर्ण महाविद्यालय असा त्याचा प्रवास झाला. लोकमान्य टिळकांनी १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली ती इथूनच. नानी पालखीवालाही इथलेच विद्यार्थी.

त्या काळात कायद्याच्या वर्गापर्यंत पोहोचायचे तर आधी इंग्रजी शिक्षण आणि पदवी हवी. ज्यांना गावच्या शाळेतही वर्गाबाहेर बसवले जात होते, त्यांच्यासाठी हा दरवाजा प्रत्यक्षात बंदच होता.

प्राध्यापक आंबेडकर

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर सहाच महिन्यांत, जून १९२८ मध्ये, बाबासाहेब या महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. जन्मावरून माणसाचे हक्क ठरवणारा कायदा त्यांनी जाळला होता आणि आता ते आधुनिक कायदा शिकवत होते. ही नेमणूक तात्पुरती होती. मार्च १९२९ पर्यंत ते या पदावर होते.

प्राचार्य आंबेडकर

जून १९३५ मध्ये ते याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. काही दिवसांपूर्वीच, २७ मे रोजी, माता रमाईंचे निधन झाले होते. घरावर दुःख कोसळलेले असताना त्यांनी ही जबाबदारी घेतली.

पुढची तीन वर्षे आपल्या चळवळीच्या इतिहासात फार मोलाची आहेत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. मे १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे उच्चाटन' हे न झालेले भाषण पुस्तकरूपाने आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या निवडणुकीत ते विधिमंडळावर निवडून आले. हे सगळे घडत असताना ते या महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

याच काळात महाडच्या तळ्याचा खटलाही संपला. सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दाखल केलेल्या या दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळे खासगी असल्याचा दावा फेटाळला. सत्याग्रहाने मागितलेला हक्क कायद्यानेही मान्य केला, पण त्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ कोर्टात टिकून राहावे लागले. लढा रस्त्यावरचा असतो आणि कागदावरचाही, हे महाड शिकवते.

कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावरही त्यांनी या काळात महाविद्यालयाच्या नियतकालिकात लेख लिहिला. १९३८ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्यानंतर मुस्लिम कायद्याचे नामवंत अभ्यासक आसफ फैजी प्राचार्य झाले.

पुढचा टप्पा

पद सोडले तरी शिक्षणाचे काम थांबले नाही. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. धम्मदीक्षेच्याच वर्षी, १९५६ मध्ये, सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. एका सरकारी संस्थेचे प्रमुखपद भूषवून ते थांबले नाहीत, समाजासाठी स्वतःची संस्थाही उभी केली.

आज

वस्तीत काम करताना एक अनुभव वारंवार येतो. अत्याचाराची घटना घडली की मोर्चाला शंभर माणसे जमतात. पण एफआयआर नीट वाचून त्यात कोणते कलम लावायचे राहिले ते सांगणारा एकही जण सापडत नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आपल्याकडे आहे. तो चालवणारी माणसे कमी आहेत.

जीएलसी आजही शासकीय महाविद्यालय आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा असे दोन मार्ग आहेत. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो, आरक्षण लागू आहे आणि शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. सीईटीचा फॉर्म, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे वेळेत तयार ठेवा. आपल्या विहारात दरवर्षी निदान एका मुलीचा किंवा मुलाचा फॉर्म भरून घ्या, पहिल्या वर्षाची पुस्तके वर्गणीतून द्या.

जिथे बाबासाहेब प्राचार्य होते, तिथल्या बाकावर आपली मुले दिसली पाहिजेत.

जय भीम!